उजवा कौल

सुरंगवाडीत एकोणसाठ सालच्या मे महिन्यात मुंबईहून विद्यापीठाची तीन माणसं उतरली, आणि जाताना तिघांनीही वाडीतून काही ना काही नेलं. डॉक्टर होता त्याने हिवतापाच्या तपासणीसाठी बोटं टोचून काचेच्या पट्ट्यांवर रक्त नेलं. रक्ताचं काय, चार दिवस पेज पोटात गेली की पुन्हा भरतं. मराठी शिकवणारी एक बाई होती, तिने जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून नेल्या; नेल्या तरी त्या बायकांच्या तोंडी राहिल्याच. तिसरा कायद्याचा होता. त्याने जे नेलं ते मात्र वाडीला परत मिळालं नाही, आणि वाईट वाटतं ते याचं की तो कुणी परका नव्हता. तो जानकीचा सत्यवान होता.

जानकी केळुसकर समुद्राकडच्या टोकाला, बावीस माडांच्या बागेत एकटी राहायची. नवरा महादेव मुंबईच्या गोदीत कामाला होता, तो तापाने तिथेच गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची. मूलबाळ नाही. पुढे तीन वर्षांनी बहीण आणि मेहुणा पटकीत गेले, तेव्हा त्यांचा सहा वर्षांचा सत्यवान तिने पदरात घेतला. काथ्या कुजवून, सुंभ वळून, नारळ विकून त्याला मालवणच्या शाळेत घातला आणि मग मुंबईला पाठवला. तो वकील झाला. आता चार पैसे मिळवील असं वाडीला वाटत होतं, तर हा पुन्हा शिकायलाच बसला. विषय घेतला होता देवाचा कौल आणि गावचा न्याय.

गावात जमिनीचा, वाटणीचा तंटा मिटेनासा झाला की तो सातेरीच्या देवळात जाई. गुरव देवीच्या पाषाणावर पाणी घाली आणि उजव्या नि डाव्या अंगाला तगरीची एकेक पाकळी ओलीच चिकटवी. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर विचारणाऱ्याचं खरं, डावी पडली तर खोटं. त्यावर अपील नाही. मालवणच्या कोर्टात चपला झिजवण्यापेक्षा हे बरं, असं वाडीचं म्हणणं होतं, आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं.

सत्यवान दहा दिवस घरोघर फिरला. जो तो त्याला चहा देई, फणसाचे गरे देई आणि एकच वाक्य सांगे. अकराव्या दिवशी दुपारी तो पडवीत येऊन बसला तो डोक्याला हात लावूनच.

"मावशी, माझा काम काय होवचा नाय," तो म्हणाला. "सगळ्यांचा एकच. देवी देता तो न्याय. आमचे सर म्हणतत, ही भक्ती झाली, संशोधन खंय आसा? ह्या वर्षी हाताक काय लागला नाय तर शिष्यवृत्ती बंद. मगे घराक येवन सुंभ वळतंय तुझ्यावांगडा."

जानकी सुंभच वळत होती. तिचे हात थांबले. पोराचं तोंड उतरलेलं तिला लहानपणापासून बघवत नसे. देण्यासारखं तिच्याकडे होतं नव्हतं ते तिने त्याला कधीच देऊन टाकलं होतं. एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिने पंचवीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

महादेव वारला तेव्हा मुंबईत त्याच्या उशाशी असलेला थोरला भाऊ धोंडू म्हणाला, महादेवाने मरताना बाग मला तोंडी दिली. जानकी म्हणाली, शेवटच्या रजेत ते मला सांगून गेले होते, काही झालं तरी माड तुझे. कागद कुणाकडेच नव्हता. गावकऱ्यांनी कौल लावायचं ठरवलं. त्या आठवड्यात धोंडू रोज केळ्यांचा घड घेऊन देवळात जाताना जानकीला दिसे, आणि बाबली गुरवाशी बोलत बसलेला दिसे. याने गुरव आपल्या बाजूला बांधला, असं तिने धरलं. खरं म्हणजे धोंडू नुसता गाऱ्हाणं घालायला जात होता. भाऊ तापात काहीतरी बरळला होता, ते त्याला खरं वाटलं होतं. पण हे जानकीला कळलं फार उशिरा. तेव्हा तिने काय केलं, तर फणसाचा चीक करवंटीत काढला, भरदुपारी बाबलीच्या परसात गेली आणि करवंटी त्याच्यापुढे ठेवून रडली. बाबलीला लहान लहान लेकरं होती, तरण्या विधवेचं रडणं त्याला सोसलं नाही. कौलाच्या दिवशी प्रश्न जानकीच्या बाजूने घातला होता; बाबलीने डावी पाकळी चिकाने लावली. उजवी आपसूक पडली. सगळे पांगल्यावर बाबलीने चीक नखाने खरवडून पाषाण धुतला. पुढे तो त्याविषयी चकार शब्द न बोलता मेला.

"खरा काय ता माका ठावक होता," जानकी म्हणाली. "पण ता देवीक विचारूचो धीर माका झालो नाय. आता पंचवीस वर्सा झाली. देवी काय म्हणाली असती, ता माका अजून कळूक नाय."

सत्यवानाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. त्याच्यावर अन्याय नको. पण डोळे पुसले आणि त्याने वही उघडली. वही उघडली की त्याची भाषा बदलायची. "तारीख आठवते का? पाकळी तगरीचीच होती? चीक किती वेळ आधी काढलेला?" एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं तो विचारत होता, आणि जानकी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "छापतलंस काय रे ह्या?"

"तुझा नाव येवचा नाय, गावाचा नाय, बाबलीचा नाय. 'एक विधवा' इतक्याच."

पोरगं शब्दाचं पक्कं होतं, म्हणून ती निर्धास्त झाली. त्या रात्री तिला लागली तशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

एकसष्ट साली विद्यापीठाच्या संशोधनाचा वार्षिक ग्रंथ निघाला. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचा. त्यात हिवताप होता, ओव्या होत्या आणि सत्यवानाचा चाळीस पानांचा निबंध होता. निबंध सगळ्यांत गाजला. कौल कसा फिरवला जातो हे कुणी आतून सांगितल्याचं पहिलंच उदाहरण, असं मोठमोठी माणसं म्हणाली. सत्यवानाने शब्दही पाळला होता. चाळीस पानांत ना गावाचं नाव, ना गुरवाचं. विधवा ती नुसती विधवा. आणि मग निबंध संपल्यावर, एक्केचाळिसाव्या पानावर, त्याने आभार मानले होते. 'या निबंधाचा गाभा ज्यांच्या प्रांजळ कथनामुळे हाती आला, त्या माझ्या मावशी श्रीमती जानकी महादेव केळुसकर, सुरंगवाडी, यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.'

चाळीस पानं ज्या बाईच्या तोंडावर पदर राखला, त्या बाईचा पदर त्याने एक्केचाळिसाव्या पानावर स्वतःच्या हाताने ओढला, आणि तोही तिच्या पाया पडण्यासाठी वाकून. एवढं शिकलेला माणूस, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याला वाटलं, जगात कुठेतरी आपल्या मावशीचं नाव छापून यावं. वर त्याने हौसेने तीन प्रती वाडीला पाठवल्या: एक शाळेला, एक मावशीला आणि एक देवळाच्या गावकऱ्यांना, 'सस्नेह भेट' असं लिहून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण तो दांडा सप्रेम नमस्कार करून येतो हे म्हणीत सांगितलेलं नाही.

गावकऱ्यांनी नाना मास्तरांना वाचायला बसवलं. नाना मास्तर भला माणूस. पण वाचायला बसले की मधे थांबायची सवय नव्हती. विधवा, बाग, दीर, करवंटी, चीक असं सगळं वाचत ते आभारापर्यंत गेले आणि जानकीचं नाव मोठ्याने वाचून झाल्यावरच त्यांना कळलं आपण काय वाचलं ते. शाळेच्या पडवीत सत्तरीचा धोंडू खांबाला टेकून बसला होता.

"बाग गेली तेचा माका कायेक नाय," तो म्हणाला. "देवीन सांगल्यान म्हणान सत्तावीस वर्सा मी तोंडातसून शब्द काढूक नाय. दर वर्सा आंब्याची पाटी तिच्या दारात ठेवलंय. आता तुमी वाचतास, तो देवीचो शब्दच नाय होतो."

त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? गावकऱ्यांनी बागेचा विषय काढलाच नाही. माड राहू देत तिचे, ते म्हणाले, पण तिने देवीला फसवलं. तिच्याशी गावाचा संबंध नाही.

घर फिरलं की वासे फिरतात, त्याचा अनुभव जानकीला महिन्याभरात आला. तिने बावीवर कळशी ठेवली की बायका आपल्या कळश्या उचलून बाजूला होत आणि ती जाईपर्यंत दोर देत नसत. मग ती अर्ध्या कोसावरच्या व्हाळावर, ओढ्यावर, पाण्याला जाऊ लागली. माडावर चढणारा पाडेली येईना, नारळ वाळून आपोआप पडत आणि पडल्या जागी कोंब धरत. मासे विकणारी बाई पाटी डोक्यावर घेऊन तिच्या कुंपणाच्या बेड्यावरून ओरडल्याशिवाय पुढे जाई. गणपतीत वाडीचं भजन घरोघर फिरलं, तिच्या घरी आरती म्हणायलाही कुणी आलं नाही. तिने एकटीने म्हटली. शेजारची सावित्री तिची जन्माची मैत्रीण. तिने कुंपणाशी येऊन हळूच सांगितलं, "माका पोरी लग्नाच्यो आसत गो. राग धरू नको." आणि परत गेली. जानकीने राग धरला नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

आपण मेल्यावर खांदा कोण देणार, हा विचार तिला छळू लागला. चार माणसं तरी लागतात.

दिवाळीत सत्यवान आला. मालवणच्या धक्क्यावर उतरून चालत येईपर्यंत त्याला वाटेत कुणी 'कधी इलंस' म्हणूनसुद्धा विचारलं नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन त्याने मावशीचे पाय धरले.

"मी आभार मानलंय गो. तुझा नाव खंयतरी येवक होया असा वाटला माका."

"इला मां नाव," जानकी म्हणाली. "ऊठ. चाय पी."

चहा पिऊन त्याचा वकील जागा झाला. बारा वर्षांवर ताबा आहे, बागेला आता देव आला तरी हात लावू शकत नाही. वाळीत टाकणं तर बेकायदाच, एकोणपन्नास सालचा कायदा आहे. "आपण फिर्याद करूया. शंभर टक्के जिंकतलंव."

"आणि जिंकल्यार? माझ्यावांगडा बावीर पोलीस येतलो पाणी भरूक? गणपतीक भजन म्हणूक मामलेदार येतलो? मेलंय तर जज्ज खांदो देतलो?"

रिकामा कप बाजूला सारून सत्यवान म्हणाला, "मगे तुका काय होया?"

काय हवं ते तिने ठरवूनच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी गावकरी देवळाच्या आवारात बसले असताना ती पायरीखाली जाऊन उभी राहिली. "परत कौल लाया," ती म्हणाली. "तुमका होया तसो लाया. मी लांब उभी रवतंय. डावो पडलो तर बाग देवीक देतंय आणि गाव सोडून जातंय. उजवो पडलो तर माका बावीर येवक देवा."

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. बाबलीचा मुलगा लवू आता गुरव होता. बापाची अब्रू गेल्यापासून तो मान वर करून चालत नव्हता. तो लगेच तयार झाला. धोंडूही म्हणाला, लावा. मात्र या खेपेला लबाडीला वाव राहता कामा नये, आणि तो कसा राहणार नाही हे सांगायला विद्यापीठाचा माणूस होताच. सत्यवानाने कागदावर कलमं काढली. फुलं धोंडूने स्वतः तोडायची. पाषाण धोंडूच्या मुलांनी चिंच आणि राख लावून घासायचा. पाणी नाना मास्तरांच्या बावीचं. लवूने सगळ्यांसमोर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगात सदरा नको. जानकीने सभामंडपाबाहेर थांबायचं. गावकऱ्यांना ती कलमं पसंत पडली. स्वतः सत्यवान घड्याळ घेऊन खांबाशी उभा राहिला.

सोमवारी सकाळी सगळी वाडी जमली. लवूने पाकळ्या लावल्या, दोन पावलं मागे सरला आणि गाऱ्हाणं घातलं. एरवी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' असा गजर उठे, त्या दिवशी पाचसहा म्हाताऱ्यांनीच काय ती ओ दिली. मग त्याने जानकीला विचार म्हणून सांगितलं.

जानकीने बाहेरून हात जोडले. सत्तावीस वर्षांपूर्वी विचारायचं राहिलेलं तिने आता विचारलं. "आवशी, माझ्या घोवान बाग माझ्यासाठी ठेवलेल्यान, ह्या खरा आसात तर उजवो दी. खोटा आसात तर माका खोटी पाड."

ती मनापासून म्हणाली. आता मधे करवंटी नव्हती, बाबली नव्हता. जे पडेल ते देवीचं. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. गाभाऱ्यात समई होती, वाऱ्याचं नाव नव्हतं. पाणी निथळत होतं. मग उजवी पाकळी खालच्या बाजूने सुटली, क्षणभर लोंबकळली आणि पडली.

जानकी पायरीवर बसली आणि रडू लागली. कुणी बघतंय का याचं तिला भान नव्हतं. देवीने तिला खरी म्हटलं होतं. बावीस माड, बाव, भजन यांतलं त्या घटकेला तिला काही आठवलं नाही. महादेव आपल्याला सांगून गेला होता, आणि ते देवीला ठाऊक होतं. उगीच आपण इतकी वर्षं भ्यालो, तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं.

आत धोंडूचा आवाज आला. "डावी कित्या पडणा नाय?"

डावी पाकळी जागच्या जागी होती. लवू म्हणाला, ओली आहे, पडेल. सगळे वाट बघत राहिले. सत्यवानाच्या घड्याळात वीस मिनिटं गेली तरी ती पडली नाही. शेवटी लवूने ती बोटाने उचलली, ती अलगद सुटून आली. त्याने ती सगळ्यांना दाखवली, पाषाण दाखवला, आपली बोटं दाखवली.

"तुझ्या बापाशीनव मागसून दगड असोच साफ केलेल्यान," धोंडू म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता, थकून बोलत होता. "बुकात लिवलेला आसा."

"पण फुला तुमीच हाडलास! दगड तुमच्या झिलांनी घासल्यानी!" लवूचा आवाज चिरकला.

"ता माका म्हायत नाय. चीक तुमी खंय लपयतास ता आमका काय म्हायत? माका आता कायच म्हायत नाय." धोंडूने देवीकडे एकदा पाहिलं, तिला हात न जोडताच तो पायऱ्या उतरला आणि जानकीच्या अंगावरून निघून गेला.

एकेक करत गावकरी उठले. उजवा झाला असं कुणी म्हटलं नाही, डावा झाला असंही म्हटलं नाही. यापुढे तंटे मालवणच्या कोर्टात न्यावे, एवढं जाता जाता ठरलं. जानकीचं पुढे काय, ते कुणी काढलं नाही, म्हणजे होतं तेच राहिलं. शेवटची सावित्री. ती क्षणभर थांबलीशी वाटली, पण तिचा नवरा पुढून हाक मारत होता.

घरी परतताना वाट समुद्रकाठच्या पुळणीवरून होती. सत्यवान मावशीच्या बरोबरीने चालत होता. जानकीचं रडं थांबलं होतं. वाडीने नाही मानलं तर नाही, ती मनाशी म्हणत होती. त्यांचं मन मोडलंय, त्यांना वेळ लागेल. पण हा आपला आहे. याने स्वतः कलमं काढली, घड्याळ धरून उभा राहिला, उजवी पडताना याने डोळ्यांनी बघितली. एकाला जरी कळलं तरी पुष्कळ. ती त्याच्याकडे वळून काही बोलणार होती, तेवढ्यात तोच थांबला. आजूबाजूला कुणी नाही ना बघून त्याने आवाज खाली आणला.

"मावशी, आता आपण दोघाच आसंव. माका तरी खरा सांग," तो म्हणाला. "ह्या वेळेक काय लायलंस?"

जानकी त्याच्याकडे बघत राहिली. हे तोंड तिने धुतलं होतं, याच तोंडात घास भरवले होते. त्यावर कपट नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती सांगेल अशी त्याची खात्री होती. मागे एकदा सांगितलंच होतं तिने.

"कोणाक सांगूचंय नाय," तो म्हणाला. "फक्त पद्धत कळली तर निबंधाक जोड देवक येतली. नाव येवचा नाय."

"लिही," जानकी म्हणाली.

त्याने खिशातून पेन काढलं.

"लिही, बायेन कायेक सांगल्यान नाय."

ती पुढे चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर तो गुडघ्यावर वही ठेवून तेच लिहून घेत होता.